सातबाऱ्यावर नाव आहे, मग वकील तीस वर्षांचा सर्च का मागतो?

शेतजमिनीचा व्यवहार ठरला की घेणाऱ्याचा वकील सातबारा बघतो, मान डोलावतो आणि म्हणतो, "ठीक आहे, आता तीस वर्षांचा सर्च काढा." म्हणजे तीस वर्षांत या जमिनीचे जे व्यवहार झाले ते सगळे तपासायचे. उताऱ्यावर विकणाऱ्याचं नाव स्वच्छ असतं, खाली डिजिटल सही असते. तरी हा खटाटोप करावा लागतो, कारण आपल्या कायद्यात सातबारा हा मालकीचा निर्णायक पुरावा नाही. फेरफार, म्हणजे महसुली दप्तरात नाव बदलणं, झाल्याने मालकी मिळत नाही आणि न झाल्याने जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीतरी निकालांत सांगितलेलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात हाच मुद्दा पुन्हा वर आला. विकणाऱ्याच्या नावे फेरफार झाल्याचा पुरावा असल्याशिवाय खरेदीखत नोंदवायचंच नाही, असा नियम बिहार सरकारने केला होता. न्यायालयाने तो रद्द केला.

त्याआधी वर्षभर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, अर्थशास्त्राचं नोबेल दारॉन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन या तिघांना मिळालं होतं. देशांच्या संपत्तीतल्या फरकामागे तिथल्या संस्थांचा मोठा हात असतो, हे त्यांच्या कामाचं सूत्र. 'संस्था' म्हणजे इथे व्यवहाराचे नियम: कायद्यात लिहिलेले, रिवाजाने पाळले जाणारे, आणि मोडले तर दाद कुठे मागायची ते ठरवणारे. ही कल्पना हवेत राहू नये म्हणून महाराष्ट्रातल्या प्रत्येक शेतकरी घरात असलेला कागद हाती घेऊन ती पाहू. गरीब देशांत संस्था बदलणं इतकं रखडतं का, याची बरीच उत्तरं सातबाऱ्यातच सापडतात.

## एक जमीन, तीन दप्तरं

जमिनीच्या एकाच तुकड्याची माहिती आपल्याकडे तीन ठिकाणी असते. व्यवहाराचा दस्त दुय्यम निबंधकाकडे. हक्काची आणि पिकाची नोंद तलाठ्याकडे. या पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी असलं तरी गावात त्याला तलाठीच म्हणतात. आणि हद्द, क्षेत्र, नकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात.

दुय्यम निबंधक १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली दस्त नोंदवतो. दस्त झाला, सह्या झाल्या, मुद्रांक भरला, एवढं तो बघतो. विकणारा खरोखर मालक आहे का, हे तपासून त्याची हमी देणं त्याच्या कामात बसत नाही. तलाठ्याची नोंद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाखाली होते. त्या कायद्याचं कलम १५७ सांगतं की हक्कनोंदीतली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरावी. सगळी मेख त्या 'उलट सिद्ध होईपर्यंत'मध्ये आहे. भूमी अभिलेख कार्यालयाला तर मालक कोण याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. रेघ कुठून जाते ते त्याचं काम.

याला गृहीत मालकी म्हणतात. म्हणजे नोंद आहे म्हणून तूर्त तुम्हाला मालक धरू. कोणी अधिक पक्का पुरावा आणला तर दिवाणी न्यायालय पाहील. म्हणूनच सर्च. वकील सूची क्रमांक २ मधून जुने दस्त काढतो, फेरफार मागे मागे वाचत जातो, आणि साखळीतली प्रत्येक कडी जुळते का ते बघतो.

शेअर्सच्या व्यवहारात पूर्वी असंच होतं. कागदी प्रमाणपत्र, मागे सह्यांची रांग, एक सही जुळली नाही की 'बॅड डिलिव्हरी' म्हणून सगळं परत. १९९६ चा डिपॉझिटरी कायदा आला, डीमॅट सुरू झालं, आणि आता डिपॉझिटरीच्या, म्हणजे शेअर्स इलेक्ट्रॉनिक नोंदीत ठेवणाऱ्या संस्थेच्या, खात्यात नाव चढलं की व्यवहार संपला. तुमच्या आधी तो शेअर कोणाकडे होता, हे विचारायची वेळ येत नाही. मग जमिनीला डीमॅट का करता येत नाही? शेअर कंपनीने छापलेला असतो, किती छापले ते तिला ठाऊक असतं, आणि त्यावर कोणाची वहिवाट, विहिरीतला हिस्सा, कूळ किंवा बहिणीचा वारसाहक्क बसलेला नसतो.

## हा कागद मुळात साऱ्यासाठी होता

ही व्यवस्था कोणी बावळटपणे बनवलेली नाही. ती वेगळ्या कामासाठी बनली होती. १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी आणि सारा-आकारणी केली, आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. ३३ फुटांची साखळी, तिचा चौरस म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. आपण आजही याच मापात बोलतो. सरकारला हवं होतं एकच उत्तर: या शेताचा सारा कोण भरणार? रयतवारीत सारा थेट शेतकऱ्याकडून घ्यायचा, म्हणून त्याचं नाव लिहिणं आलं. सारा भरणारा बहुधा मालकच असायचा. पण तो मालक आहे का, हे तपासण्याचं कारण सरकारपुढे नव्हतं.

आज जिरायतीचा सारा इतका नाममात्र आहे की तो गोळा करण्याचाच खर्च जास्त असावा. मूळ काम संपलं, पण नोंदवही राहिली, आणि तिच्यावर कर्ज, भूसंपादन, पीकविमा, अनुदान, न्यायालयातले दावे अशी नवनवी कामं लादली गेली. जुन्या संस्थांचं बहुतेक वेळा असंच होतं. त्या मोडून नव्या बांधल्या जात नाहीत. त्यांच्यावरच मजले चढत जातात.

## फेरफार: कायद्यात तीन महिने, गावात तीन पिढ्या

कायद्याची पायरी साधी आहे. जमिनीत हक्क मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं (कलम १४९). तलाठी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरतो, संबंधितांना नोटीस काढतो आणि चावडीवर प्रत लावतो. हरकतीला पंधरा दिवस. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबारा बदलतो. हरकत आली तर प्रकरण नमुना ६-अ मध्ये, तक्रारी नोंदवहीत जातं, सुनावणी होते, आणि त्यानंतर अपिलांचा जिना: उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी कार्यालय, विभागीय आयुक्त, प्रसंगी मंत्रालय. इतकं करून मिळतो तो निर्णय फक्त नोंदीपुरता. मालकीसाठी दिवाणी दावा वेगळाच.

नोंदणीकृत खरेदीखताचा फेरफार आता बराच आपोआप सुरू होतो, कारण दुय्यम निबंधकाची प्रणाली ई-फेरफारला जोडलेली आहे. घोडं अडतं ते वारसा आणि वाटणीत.

समजा पाच एकरांचा गट, म्हणजे एकाच क्रमांकाचा तुकडा, आजोबांच्या नावावर आहे. आजोबा गेले. तीन मुलगे, दोन मुली. मुलग्यांनी घरात बसून, दोन जाणत्यांना साक्षीला घेऊन वाटणी केली: ओढ्याकडचं थोरल्याला, विहिरीचं मधल्याला, रस्त्याकडचं धाकट्याला. बांध घातले, जो तो आपलं कसू लागला. गावाच्या लेखी प्रश्न मिटला. सातबाऱ्यावर मात्र आजोबाच, किंवा फार तर पाचही नावं 'सामाईक'. पोटहिस्से मोजलेले नाहीत, त्यामुळे नकाशावर अजून एकच तुकडा. पुढे थोरल्याचा मुलगा आपला भाग विकायला निघतो तेव्हा घेणाऱ्याला जागेवर ओढ्याकडचा तुकडा दिसतो, आणि कागदावर त्याला मिळतो पाच एकरांतला अविभक्त हिस्सा.

या लोकांनी नोंद का केली नाही? आळस हे उत्तर सोयीचं आहे, पण खरं नाही. नोंद करायची म्हणजे वारस म्हणून बहिणींची नावं आली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला जन्माने समान हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंकाही मिटवली. कायदा बदलला, रिवाज मात्र जिथल्या तिथे. माहेर तुटू नये म्हणून बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी, अशी घरात अपेक्षा असते. सही मागायची म्हणजे विषय काढायचा, आणि विषय काढायची कोणाची छाती होत नाही. त्यापेक्षा आजोबांचं नाव असू दे. असं करत तिसरी पिढी येते, वारसांची संख्या पाचवरून पंचवीस होते, त्यातले चार मुंबईत, एक सुरतेला, एकाचा पत्ताच नाही. आता प्रामाणिकपणे नोंद करायची म्हटली तरी सह्या गोळा करता करता दमछाक.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. पूर्वी बहिणीला विचारायचंही कारण नव्हतं. आता तिच्या सहीशिवाय गाडं पुढे सरकत नाही. ज्या घरांत जमिनीचा भाव चढलाय तिथे त्या सहीला वजन आलंय. कायद्याने रिवाज पुसला नाही, पण त्याची किंमत वाढवून ठेवली.

## याचा विकासाशी काय संबंध?

जमीन आपल्याकडे राहणार याची खात्री नसेल तर माणूस तिच्यात पैसा घालत नाही. वर्षभराच्या पिकात घालेल. विहीर, बांधबंदिस्ती, ठिबक, पाच वर्षांनी फळ देणारी बाग यांत हात आखडेल. सामाईक सातबाऱ्यावर विहिरीचं अनुदान मागायला गेलं की सहहिस्सेदारांची संमती आणा म्हणतात. भूसंपादनात मोबदला नोंदीवरच्या नावांना. वाद असेल तर रक्कम प्राधिकरणाकडे जमा होऊन पडते, आणि रस्ता तयार होऊन त्यावर गाड्या धावल्या तरी पैसे हातात नाहीत. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये जमीन नोंदीवर नाव असणाऱ्या कुटुंबांना मिळतात. नोंद जुनी असेल तर खरा कसणारा त्यातून सुटतो.

सगळ्यात जास्त सुटतो तो बटाईने किंवा खंडाने कसणारा. इथे चांगल्या कायद्याने उलटा परिणाम कसा होतो ते बघण्यासारखं आहे. १९४८ च्या कूळकायद्याने कुळांना संरक्षण दिलं, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून त्या दिवशी कसणाऱ्या कुळाला जमीन विकत घेतल्यासारखी मानली. असंख्य कुळं त्यामुळे मालक झाली. हा कायदा नसता तर ती झाली नसती. पण मालकांनी धडा घेतला तो असा की कसायला द्यायची तर कागद करायचा नाही. तेव्हापासून बटाई तोंडी. कागद नाही म्हणून बटाईदाराला स्वतःच्या नावाने पीककर्ज मिळणं कठीण, गारपीट झाली तर नुकसानभरपाई सातबारावाल्याच्या खात्यात. शहरात नोकरी करणारे कितीतरी मालक तेवढीही जोखीम घेत नाहीत. जमीन पड ठेवतात.

## "पक्का कागद दिला की बँका दारात येतील"

हा युक्तिवाद जगभर केला गेला. गरिबाकडे मालमत्ता असते, फक्त कागद नसतो. कागद द्या, तो ते तारण ठेवून धंदा काढेल. पेरू देशाने १९९६ पासून शहरी वस्त्यांतल्या १२ लाखांहून अधिक घरांना मालकीपत्रं दिली. पुढे अभ्यासकांनी पाहिलं तर खासगी बँकांचं कर्ज फारसं वाढलेलं नव्हतं. वाढलं होतं ते घराबाहेरचं काम. कागद नसताना घर बळकावलं जाईल या भीतीने कोणीतरी कायम राखणीला मागे थांबायचं. ती गरज संपली. अर्जेंटिनात ब्वेनोस आयर्सजवळच्या एका वस्तीतही तेच दिसलं: कर्जात नगण्य फरक, पण भिंती-छपरं सुधारली आणि मुलांचं शिक्षण वाढलं.

आपल्याकडे तर बँकेचं कारण आणखी सरळ आहे. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी न्यायालयाबाहेर तारण विकण्याचा जो अधिकार सरफेसी कायद्याने बँकांना दिला, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शिवाय कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे महाराष्ट्रात शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. म्हणजे मालकी पक्की असली तरी बँकेला ती विकून पैसा उभा करणं अवघड. ही बंधनं काढावीत असं माझं म्हणणं नाही. शेतकऱ्याची जमीन सहज लिलावात निघू नये यामागे विचार आहे. एवढंच लक्षात घ्यावं की एक नियम बदलला की सगळं हलत नाही. तो ज्या बाकीच्या नियमांना टेकलेला असतो ते जागीच असतात.

## "सगळं ऑनलाइन केलं की झालं!"

ऑनलाइन झाल्याने काय होतं आणि काय होत नाही, हे वेगवेगळं मोजावं. कर्नाटकाने २००० च्या आसपास 'भूमी' प्रकल्पात सुमारे दोन कोटी हक्कनोंदी संगणकावर आणल्या आणि उतारा तालुक्याच्या केंद्रात १५ रुपयांत मिळू लागला. महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या निघतो. तलाठ्याची वाट बघत चावडीवर बसणं संपलं, मागच्या तारखेची नोंद घुसवणं अवघड झालं. हा फायदा लहान नाही.

पण संगणकात उतरतो तो जुनाच मजकूर. हस्तलिखित उतारे भरताना नाव चुकलं, क्षेत्रातला आर-गुंठा सरकला, शून्य वाढलं. त्यासाठी गावोगाव चावडी वाचन घ्यावं लागलं आणि लेखनाच्या चुकांसाठी कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्जांचे ढीग लागले. आजोबा गेलेले असतील तर डिजिटल सहीच्या उताऱ्यावरही आजोबाच. फेडलेल्या कर्जाचा बोजाही 'इतर हक्क' रकान्यात तसाच बसून राहतो, जोपर्यंत कोणी सोसायटीचा किंवा बँकेचा दाखला नेऊन तो कमी करून घेत नाही.

तेलंगणाचा अनुभव सगळ्यात बोलका आहे. तिथे २०१७ च्या अखेरीस साधारण शंभर दिवसांत नोंदी 'शुद्ध' केल्या गेल्या, मुख्यतः कागदावरून, जमीन न मोजता. वादातल्या नोंदी 'भाग ब' म्हणून बाजूला टाकल्या. सप्टेंबर २०२० मध्ये गावपातळीवरचं महसूल अधिकाऱ्याचं पद रद्द झालं आणि २९ ऑक्टोबर २०२० ला 'धरणी' पोर्टल सुरू झालं. तहसीलदाराच्या एकाच टेबलावर नोंदणी आणि फेरफार, तेही त्याच दिवशी. ज्याची नोंद बरोबर होती त्याच्यासाठी हे खरोखर सुंदर होतं. ज्याची चुकली होती त्याने जायचं कुठे? गावात विचारायला माणूस नाही, महसुलात अपील नाही, उरलं दिवाणी न्यायालय. २०२३ च्या निवडणुकीत धरणी हा प्रचाराचा मुद्दा झाला, सरकार बदललं, आणि २०२५ मध्ये 'भू भारती' कायदा आणून अपिलाची पायरी परत घालावी लागली. तलाठी लाच खातो म्हणून तलाठीच काढला, तर बांधावर जाऊन खरं काय ते सांगणाराही गेला.

## "मग सरकारनेच मालकीची हमी द्यावी"

अशी पद्धत जगात आहे. १८५८ मध्ये रॉबर्ट टॉरेन्स यांनी ती दक्षिण ऑस्ट्रेलियात आणली. नोंदवहीत नाव असेल तोच मालक, मागची साखळी बघायची नाही, आणि नोंदीच्या चुकीने कोणाचं नुकसान झालं तर सरकारी निधीतून भरपाई. नीती आयोगाने २०२० मध्ये राज्यांसाठी अशा निर्णायक मालकीच्या कायद्याचा नमुना मसुदा काढला.

ऑस्ट्रेलियातली नवी वसाहत आणि दीडशे वर्षं वाटण्या होत आलेला आपला एखादा गट, यांत फरक आहे. (तिथेही मूळ रहिवाशांचा हक्क विचारातच घेतला नव्हता, म्हणून पाटी इतकी कोरी दिसली.) हमी द्यायची तर आधी प्रत्येक तुकड्याचा वाद निकाली काढावा लागतो, भरपाईचा निधी उभारावा लागतो. आणि निर्णायक याचा अर्थ असा की ठरलेल्या मुदतीत ज्याने हरकत घेतली नाही त्याचा हक्क कायमचा गेला. मुदतीत हरकत कोण घेत नाही? परगावी दिलेली बहीण, ऊसतोडीला गेलेलं कुटुंब, वनहक्काचा दावा प्रलंबित असलेला आदिवासी, तोंडी कूळ. गृहीत मालकीची ढिलाई त्रासदायक खरी, पण ती दार थोडं उघडं ठेवते. ते बंद करण्याआधी आत कोण आणि बाहेर कोण, हे बघायला हवं.

## रवांडाने केलं ते आणि अडलं तिथे

गरीब देशात हे मुळी होतच नाही असं नाही. रवांडाने २००९ ते २०१३ या काळात देशातले एक कोटीहून अधिक तुकडे नोंदवले. खर्च तुकड्यामागे दहा डॉलरपेक्षा कमी. युक्ती अशी की सेंटिमीटरपर्यंत मोजणीचा हट्ट सोडला. हवाई छायाचित्राचा मोठा छापील कागद घेऊन गावातलीच प्रशिक्षित माणसं शेतावर जात, शेजारचे शेतकरी समोर उभे राहत, आणि सगळ्यांच्या देखत कागदावर हद्द ओढली जाई. जिथे वाद होता तिथे तो तिथल्या तिथे लिहून मध्यस्थांकडे जाई. थोडक्यात, निवाडा आधी, तोही बांधावर, संगणक नंतर. नोंदीनंतर बांधबंदिस्तीसारख्या कामांत गुंतवणूक वाढल्याचं अभ्यासांत दिसलं, आणि स्त्रियांमध्ये ती विशेष वाढली. पण कायदेशीर विवाह झालेल्यांचीच नावं जोडीने लागली. ज्यांचं लग्न फक्त रिवाजाने झालं होतं त्या स्त्रियांची बाजू उलट कमजोर झाली.

खरा धडा पुढचा आहे. पहिल्या नोंदीचं मालकीपत्र शेतकऱ्याला १,००० फ्रँकला मिळालं. त्यानंतर जमीन विकली किंवा मुलांत वाटली, तर नोंद बदलायचं शुल्क सुमारे ३०,००० फ्रँक, तुकडा कितीही लहान असो. खेड्यातले लोक पुन्हा साध्या कागदावर, साक्षीदार घेऊन व्यवहार करू लागले. एवढ्या मेहनतीने बनवलेली नोंदवही पहिल्या दिवसापासून जुनी व्हायला लागली. केनियात १९५० च्या दशकापासून दिलेल्या मालकीपत्रांचंही असंच झालं होतं: जमीन मुलांकडे, नोंद मेलेल्या बापाकडे.

जमीन सुधारणांचा हा सगळा इतिहास वाचल्यावर माझं मत एकाच जागी येऊन थांबतं. नोंद एकदा बरोबर करणं हे सोपं काम आहे. पैसा आणि पाच वर्षं दिली की होतं. ती बरोबर राहील का, हे ठरतं सामान्य कुटुंबाला नोंद बदलणं न बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं का यावर. स्वस्त म्हणजे शुल्क, हेलपाटे, आणि घरातलं भांडण, तिन्ही धरून.

## "चीनमध्ये शेताची मालकीच नाही, तरी ते पुढे गेले"

बरोबर आहे, आणि ही हरकत वजनाची आहे. चीनमध्ये शेतजमीन आजही गावाच्या सामूहिक मालकीची. १९७८ नंतर फक्त कसण्याचा हक्क घराघराला ठरावीक मुदतीने दिला. सरकारचा वाटा देऊन उरलेलं तुमचं. धान्योत्पादन १९७८ च्या सुमारे ३० कोटी ५० लाख टनांवरून १९८४ मध्ये ४० कोटी ७० लाख टनांवर गेलं. कसण्याची मुदत १९८४ मध्ये १५ वर्षं आणि १९९३ पासून ३० वर्षं झाली. कष्टाचं फळ आपल्याला मिळेल ही खात्री हवी होती. ती मालकीपत्राविनाही देता आली. मात्र तीच सामूहिक मालकी पुढे शहरं वाढताना शेतकऱ्याच्या आड आली, कारण जमीन घेण्याचा निर्णय स्थानिक सरकारच्या हाती आणि शेतकऱ्याकडे विकायला काही नाही. बटाईदाराच्या बाबतीत आपण यातून घेण्यासारखं आहे: मालकीला धक्का न लावता कसण्याचा लेखी, मुदतीचा करार सुरक्षित केला, तर मालकाची भीती आणि कसणाऱ्याची अडचण दोन्ही कमी होतील.

## महाराष्ट्रात सध्या काय चाललंय

मोठ्या घोषणांपेक्षा इथले काही बारके बदल मला जास्त कामाचे वाटतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली: गाव नमुना १२ मधलं पीक आता शेतकरी स्वतः मोबाइलवर फोटोसह नोंदवतो. जानेवारी २०२३ पासून सलोखा योजना आहे. दोन शेतकरी किमान बारा वर्षं एकमेकांच्या नावची जमीन कसत असतील, तर त्यांना अदलाबदलीचा दस्त १,००० रुपये मुद्रांक आणि १,००० रुपये नोंदणी फी भरून करता येतो. आधी लागणारी रक्कम पाहूनच लोक गप्प बसत. २०२५ मध्ये मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायला 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, आणि शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरची नोंदणी फी माफ केली. मोहीम एकदाच होते, फी माफी रोज लागू असते; म्हणून दुसरा बदल मोठा.

तुकडेबंदीचं उदाहरण मात्र उलट्या बाजूचं. १९४७ चा कायदा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा करू देत नाही. २०२३ मध्ये ते क्षेत्र बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे झालं. शहरालगत लोकांना घरापुरते एक-दोन गुंठे हवे होते. त्यांनी ते घेतलेच, नोटरीच्या कागदावर किंवा दहा जणांनी मिळून एक सामाईक खरेदी करून. कायदा जागेवर, व्यवहार कायद्याबाहेर, आणि शेवटी २०२५ मध्ये शहरी भागातले असे जुने व्यवहार नियमित करण्यासाठी सरकारलाच पाऊल मागे घ्यावं लागलं.

ज्यांच्या सातबाऱ्यावर अजून आजोबा आहेत त्यांनी क्रम सांभाळावा. आधी मृत्यू दाखला आणि शपथपत्र देऊन वारस नोंद, सगळ्या वारसांची, बहिणींसकट. एखादीला हक्क सोडायचा असेल तर त्यानंतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. मग वाटणी: सगळे राजी असतील तर कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र, मालकीवरच वाद असेल तर दिवाणी न्यायालय. त्यानंतर पोटहिस्सा मोजणी, कमी-जास्त पत्रक (मोजणीनंतर क्षेत्रात काय बदललं ते दाखवणारा कागद), आणि मग स्वतंत्र सातबारा. बरेच जण वाटणी करून मोजणीवर थांबतात, आणि उताऱ्यावर क्षेत्र वेगळं झालं तरी नकाशावर गट एकच राहतो. मोजणीच्या दिवशी सगळ्या हिस्सेदारांना आणि लगतच्या कब्जेदारांना बांधावर उभं करा. त्या दिवशी गैरहजर राहिलेला शेजारी पुढच्या हंगामात खुणेचा दगड उपटून हरकत घ्यायला हमखास येतो.